आवाजाचं सोवळं

'लेन झेफलिन' नावाचा बँड तुम्ही ऐकलेला नसणार. डिसेंबर १९६८मध्ये अमेरिकेतल्या स्पोकॅन शहरात, वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेला, वर्तमानपत्रात एका कॉन्सर्टची जाहिरात आली, तिच्यात हे नाव आहे. मुख्य बँड व्हॅनिला फज, आणि सोबत 'लेन झेफलिन'. छापणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. इंग्लंडहून आलेल्या त्या चौघांचा पहिला अल्बम अजून बाजारात यायचा होता. दौरा जेमतेम चार दिवसांपूर्वी डेन्व्हरला सुरू झाला होता. लेड झेपलिन हे नाव चुकलं म्हणून लाज वाटावी अशी वेळ अजून आलेली नव्हती.

३० डिसेंबरच्या रात्री गोंझागा विद्यापीठाच्या जिममध्ये ही कॉन्सर्ट झाली. जिम म्हणजे बास्केटबॉल खेळायची बंदिस्त, घुमणारी जागा. श्रोत्यांमध्ये एक विद्यार्थी टेपरेकॉर्डर घेऊन बसला होता. त्यानं तो चालू केला. बस्स, एवढंच. लेड झेपलिनच्या कॉन्सर्टचं आजवर समोर आलेलं सगळ्यांत जुनं रेकॉर्डिंग म्हणून जे ओळखलं जातं, ते हेच.

खरं तर हा बँड जन्मलाच परदेशात. चौघं पहिल्यांदा लोकांसमोर उभे राहिले ते ७ सप्टेंबर १९६८ रोजी डेन्मार्कमधल्या ग्लॅडसॅक्स इथं, तेव्हा नाव होतं न्यू यार्डबर्ड्स. त्या दिवसाचे फोटो आहेत, सतरा वर्षांच्या एका पोरानं काढलेले. म्हणजे ते कसे दिसत होते हे आपल्याला माहीत आहे. कसे वाजत होते हे ऐकायचं तर थेट स्पोकॅन गाठावं लागतं.

आता ही टेप कुणालाही ऐकवून बघा. दहा सेकंदांत इअरफोन काढून परत हातात देतात. 'भाई, क्वालिटी काय ही? स्पॉटिफायवर नीट आहे ना सगळं!'

हे लिहायला बसलो ते या 'नीट'साठी. ध्वनी मोनो आहे, बास गढूळ आहे, जिमच्या भिंतींवर आपटून ड्रम्स दुप्पट होऊन परत येतात, सगळं मान्य. पण कुठल्यातरी स्टुडिओत घासूनपुसून, कंपनीचा शिक्का मारून आलेला आवाज तेवढा शुद्ध, आणि माणसांच्या गर्दीतून आलेला आवाज विटाळलेला, ही जी समजूत आपण नकळत पाळतो, तिला माझ्या मते एकच शब्द आहे: सोवळं. आणि सगळ्या सोवळ्यांप्रमाणे हेही कुणाच्या तरी सोयीचं आहे.

आधी टेपवर काय आहे ते बघू.

सुरुवात 'ट्रेन केप्ट अ-रोलिन'नं. ऑगस्ट १९६८मध्ये लंडनच्या जेरार्ड स्ट्रीटवरच्या तळघरात हे चौघं पहिल्यांदा एकत्र वाजवायला जमले तेव्हा त्यांनी हेच गाणं घेतलं होतं. ते त्यांच्या एकाही स्टुडिओ अल्बमवर नाही. १९८०मध्ये, जॉन बॉनमच्या मृत्यूआधीच्या शेवटच्या युरोप दौऱ्यात, ते पुन्हा सुरुवातीला आलं. म्हणजे बँडच्या कुंडलीतलं पहिलं आणि जवळजवळ शेवटचं घर या गाण्याचं, आणि अल्बम ऐकून झेपलिन 'पूर्ण' केलेल्या माणसाला त्याचा पत्ताच नाही. पुढे 'अ‍ॅज लाँग अ‍ॅज आय हॅव यू' येतं. मूळ गायक गार्नेट मिम्स. तेही कुठल्याच स्टुडिओ अल्बमवर नाही. मग 'पॅट्स डिलाइट' नावाचा बॉनमचा ड्रम सोलो. पॅट म्हणजे त्याची बायको. हाच सोलो पुढे 'मोबी डिक' झाला, १९६९च्या दुसऱ्या अल्बमवर, आणि त्यावर पिढ्यान् पिढ्या ड्रमर पोसले गेले. स्पोकॅनला तो अजून बायकोच्या नावानं आहे. वीस वर्षांचा पोरगा आहे तो. रॉबर्ट प्लांटही वीसचाच. जिमी पेज चोवीस वर्षांचा, जॉन पॉल जोन्स तेविशीच्या उंबरठ्यावर.

आणि टाळ्या. मला विचाराल तर टेपवरची सगळ्यांत मौल्यवान गोष्ट त्या टाळ्याच. स्टेडियमची गर्जना तिथं नाही. समोर बसलेले लोक दुसऱ्याच बँडचं तिकीट काढून आलेत. हे कोण आहेत हे त्यांना माहीत नाही, आणि आपण महान आहोत हे वाजवणाऱ्यांनाही अजून कुणी सांगितलेलं नाही. पुढची प्रत्येक कॉन्सर्ट 'लेड झेपलिन'ची आहे. ही एक अनोळखी चौघांची आहे, त्यांना आजची रात्र कमवायची आहे. तो ताण कुठल्या रीमास्टरमध्ये मिळणार? पहिला अल्बम ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत साधारण ३६ तासांच्या कामात झाला असं पेज सांगत आलाय, आणि तो जबरदस्त अल्बम आहे. पण चुकलं तर तिथं पुन्हा घेता येत होतं. जिममध्ये पुन्हा घेता येत नाही.

लाइव्ह बँड म्हणून ज्यांची कीर्ती, त्यांचा पहिला अधिकृत लाइव्ह अल्बम आला १९७६मध्ये. 'द साँग रिमेन्स द सेम', तोही १९७३च्या न्यूयॉर्कमधल्या कॉन्सर्टचा. पहिल्या अल्बमच्या २०१४च्या नव्या आवृत्तीत एक जुनी कॉन्सर्ट जोडली, ती ऑक्टोबर १९६९ची, पॅरिसची. बीबीसीसाठी केलेल्या मुद्रणांची सुरुवात मार्च १९६९पासून. अधिकृत कपाटात १९६८ची लाइव्ह कॉन्सर्ट शोधायला जा, हाताला काही लागत नाही. तो खण भरला तो एका विद्यार्थ्यानं. कंपनीला ते सुचलं नव्हतं, आणि का सुचावं? बँड विकला जाईल की नाही हे ठरायचं होतं. कंपनी जे विकणार ते जपते. श्रोता जे ऐकलं ते जपतो. या दोन गोष्टी कधीकधी एकच असतात, बऱ्याचदा नसतात.

आता दुसरा आक्षेप, हा जरा शहाण्या लोकांचा: 'ते सगळं ठीक, पण परवानगीशिवाय रेकॉर्ड करणं म्हणजे चोरीच ना?'

थांबा. दोन माणसं वेगळी करा. एक रेकॉर्ड करणारा, दुसरा ते छापून विकणारा. पहिल्यानं रात्रभर मांडीवर यंत्र सांभाळलं. दुसरा आयत्या बिळावरचा नागोबा. सत्तरच्या दशकात बेकायदा रेकॉर्डी छापून ज्यांनी दुकानं थाटली, आणि आजही एकेका कॉन्सर्टची चकचकीत पेटी करून जे भरमसाट किंमत लावतात, त्यांची वकिली करायला मी बसलेलो नाही. माईक मिलार्ड हे नाव शोधून बघा. लॉस एंजेलिसला व्हीलचेअरवर बसून, तिच्यात नाकामिची कंपनीचा जड कॅसेट रेकॉर्डर लपवून आत जायचा. २१ जून १९७७ची त्याची टेप झेपलिनच्या चाहत्यांमध्ये दंतकथा आहे. हा माणूस विकणाऱ्यांचा इतका तिरस्कार करायचा की आपली प्रत कुणाकडून फुटली हे कळावं म्हणून प्रतींवर खुणा ठेवायचा. चोर असा वागतो?

कायद्याचं म्हणाल तर १९६८मध्ये अमेरिकेच्या संघीय कायद्यात ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र कॉपीराइटच नव्हता. तो आला १५ फेब्रुवारी १९७२पासून. लाइव्ह कार्यक्रमाच्या चोरट्या मुद्रणाविरुद्धची संघीय तरतूद तर १९९४ची. आणि आपल्याकडचं ऐका, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. भारताच्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीनं सादरकर्त्या कलावंतांचे हक्क आले, कलम ३८. कलावंताच्या संमतीशिवाय त्याचा कार्यक्रम रेकॉर्ड करता येत नाही. बरोबरच आहे. पण लगेच पुढचं कलम ३९ म्हणतं की स्वतःच्या खाजगी वापरासाठी, किंवा प्रामाणिक शिक्षण-संशोधनासाठी केलेलं मुद्रण हा त्या हक्काचा भंग नाही. तिकिटामागच्या बारीक अक्षरातल्या अटी वेगळ्या, त्या आयोजक आणि तुमच्यातला मामला. पण आपल्या संसदेनं ऐकणारा आणि विकणारा यांच्यातला फरक ओळखलाय. मग आपण का सगळ्यांना एकाच दावणीला बांधतो?

शिवाय चोरीची भाषा झेपलिनच्या बाबतीत जरा जपून वापरलेली बरी. स्पोकॅनच्या टेपवर 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' आहे. पहिल्या अल्बमवर त्याचा कर्ता म्हणून एकट्या पेजचं नाव. त्याच नावाचं आणि उघड नात्यातलं गाणं जेक होम्स या गायकानं १९६७मध्येच रेकॉर्ड केलं होतं. होम्सनं २०१०मध्ये दावा केला, तो मिटला, आणि २०१२च्या 'सेलिब्रेशन डे'वर त्याच्यापासून प्रेरित अशी नोंद आली. 'होल लॉटा लव्ह'साठी विली डिक्सनला १९८५मध्ये कोर्टाची पायरी चढावी लागली, तेव्हा कुठे तडजोड झाली. मी हा बँड सोडणार नाही, आताही त्यांचंच ऐकत लिहितोय. पण मांडीवर टेप ठेवलेल्या पोराला चोर म्हणताना मंचावर काय काय कुठून कुठून आलं होतं तेही मोजा.

इथंच टेप साक्षीला येते. या पहिल्या दौऱ्याच्या काळातल्या टेप्सवर 'अ‍ॅज लाँग अ‍ॅज आय हॅव यू'च्या पोटात स्पिरिट या बँडच्या 'फ्रेश गार्बेज'चा तुकडा ऐकू येतो. स्पिरिट म्हणजे डेन्व्हरला त्यांच्याबरोबर एकाच मंचावर असलेला बँड. आता २०१४मध्ये या. स्पिरिटचा गिटारवादक रँडी कॅलिफोर्निया याच्या मालमत्तेच्या विश्वस्तानं दावा लावला की 'स्टेअरवे टू हेवन'ची सुरुवात स्पिरिटच्या 'टॉरस'वरून उचलली आहे. झेपलिनला स्पिरिटची गाणी माहीत होती का, हा तिथला कळीचा प्रश्न. २०१६मध्ये ज्यूरीनं म्हटलं, 'टॉरस' त्यांच्यापर्यंत पोचलेलं होतं, पण दोन गाण्यांत कायद्याला लागेल असं साम्य नाही. २०२०मध्ये अपील कोर्टानं तो निकाल कायम केला. निकालाशी माझं भांडण नाही, तशा उतरत्या सुरावटी शेकड्यांनी सापडतील. भांडण आहे ते पद्धतीशी. साम्य ठरवायला ज्यूरीला 'टॉरस'चं मूळ रेकॉर्डिंग ऐकवलंच नाही. जुन्या कायद्यानं संरक्षण फक्त नोंदणीच्या वेळी जमा केलेल्या कागदावरच्या स्वरलिपीला होतं, म्हणून त्या कागदावरून वाजवून दाखवलं. रॉक संगीताबद्दलचा खटला आणि पुरावा कागद! रॉक बँडमध्ये गाणी कानानं हस्तांतरित होतात, मंचाच्या कडेला उभं राहून, शेजारच्या बँडचं ऐकून. त्या हस्तांतराची नोंद कागदावर कधीच नसते. ती असते श्रोत्यांच्या टेपवर. अमुक महिन्यात, अमुक मंचावर हे लोक स्पिरिटचं काहीतरी वाजवत होते, हे 'आम्हाला आठवत नाही' म्हणणाऱ्या कुणाच्याही स्मृतीपेक्षा टेप जास्त खात्रीनं सांगते.

म्हणूनच हल्लीचा एक उद्योग मला सहन होत नाही. एआय घेऊन जुन्या टेप्स 'स्वच्छ' करणं. ड्रम्स वेगळे काढा, आवाज वेगळा काढा, खोकणारे-ओरडणारे-टाळ्या वाजवणारे पुसा, जिमचा घुमारा पुसा, आणि वर 'साउंडबोर्ड क्वालिटी' लिहून चढवा. तंत्राला माझा विरोध नाही. २०२३मध्ये जॉन लेननच्या घरगुती कॅसेटमधून त्याचा आवाज सोडवून बीटल्सनी 'नाऊ अँड देन' पुरं केलं, ते निदान नवं गाणं म्हणून समोर ठेवलं. पण श्रोत्याच्या टेपमधून श्रोता काढून टाकला तर उरतं काय? यंत्राला जिथं कळलं नाही तिथं त्यानं अंदाजानं भरलेलं काहीतरी. कोपऱ्यात अस्पष्ट ऐकू येणारा बास जोन्सनं खरंच वाजवला होता की मॉडेलनं रचला, हे पाच वर्षांनी कोण सांगणार? करा स्वच्छ, हौसेनं करा, पण मूळ प्रत जशीच्या तशी शेजारी ठेवा आणि काय केलं ते लिहा. शिलालेखावर सिमेंट फासून नवीन अक्षरं कोरत नाहीत. म्हणजे कोरतात आपल्याकडे, पण बरोबर नाही ते.

आणि कपाटवाले? त्यांना वगळून चालणार नाही. टेप आहे, पण कुणाला देणार नाही, दुर्मीळपणा हीच तिची किंमत, असे संग्राहक प्रत्येक देशात, प्रत्येक संगीतात असतात. आपल्याकडे गाण्याच्या मैफलींचे स्पूल कुलपात ठेवून 'त्या दिवशीचा मारवा काय होता, तुम्हाला काय सांगू' म्हणणारे रसिक तुम्हाला भेटले असतील. सांगू नका, ऐकवा. चुंबकीय फीत कुणाच्या प्रतिष्ठेसाठी थांबत नाही, तिची पूड होते. मिलार्ड १९९४मध्ये गेला, आणि त्याच्या मूळ कॅसेट्सवरून केलेल्या प्रती लोकांपर्यंत यायला पंचविसेक वर्षं लागली. त्या आल्या हे नशीब.

बँडवाल्यांचं वागणं तर अजून गमतीशीर. झेपलिनचा मॅनेजर पीटर ग्रँट श्रोत्यांमध्ये टेपरेकॉर्डर दिसला की स्वतः चालून जायचा. १९७१मध्ये व्हँकुव्हरला त्यानं असंच एक यंत्र फोडलं. नंतर कळलं, ते शहराच्या लोकांनी ध्वनिप्रदूषण मोजायला आणलेलं उपकरण होतं. आणि त्याच बँडचा जिमी पेज चोरट्या रेकॉर्डिंगांचा शौकीन संग्राहक म्हणून ओळखला जातो! बॉब डिलनचं बघा. रॉकमधली पहिली गाजलेली बूटलेग, १९६९ची 'ग्रेट व्हाइट वंडर', त्याच्याच गाण्यांची. १९९१पासून त्याची कंपनी 'बूटलेग सीरीज' याच नावानं अधिकृत संच विकते आहे. आणि आता त्याच्या कॉन्सर्टला गेलात तर फोन पिशवीत घालून कुलूपबंद. तुमची टेप म्हणजे गुन्हा, आणि तीच तीस वर्षांनी त्यांच्या दुकानात आली की वारसा. ग्रेटफुल डेडनी १९८४पासून रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी साउंडबोर्डच्या मागे वेगळी जागाच आखून दिली. त्यांचं दिवाळं निघालं नाही. उलट त्यांच्याइतकी नोंदलेली कारकीर्द रॉकमध्ये क्वचितच कुणाची असेल.

फोनची सक्ती मला एका मुद्द्यावर समजते. हजार उजळलेले पडदे डोक्यावर धरून उभी असलेली गर्दी मंचावरून भीषण दिसत असणार. मागच्याला तर काहीच दिसत नाही. पण मग वाद पडद्याचा आहे, मुद्रणाचा नाही. फोन खिशात ठेवूनही आवाज रेकॉर्ड होतो. स्पोकॅनच्या त्या पोरानं कुणाचीही नजर अडवली नव्हती.

मुंबईचं उदाहरण घ्या. १९७२मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी स्टुडिओत 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' नव्यानं वाजवली. ते मुद्रण वर्षानुवर्षं फक्त बूटलेग म्हणून फिरत होतं. अधिकृतपणे आलं २०१५मध्ये, 'कोडा'च्या वाढीव आवृत्तीत, आणि गाण्यांपुढे कंसात नाव काय, तर 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. मधली चाळीसहून अधिक वर्षं ज्यांनी ते ऐकलं त्यांनी 'चोरीचं'च ऐकलं. याच मुक्कामात दोघं कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या डिस्कोथेकमध्ये स्थानिक मुलांबरोबर वाजवायला उभे राहिले. छोटी जागा, थोडे लोक, जगातल्या सगळ्यांत मोठ्या बँडमधले दोघं. या रात्रीबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक आठवणींवर उभं आहे, आणि आठवणी दर दहा वर्षांनी जरा चांगल्या होत जातात. कुणाच्यातरी मांडीवर त्या रात्री एक टेप चालू राहिली असती, गढूळ, घुमणारी, मध्येच ग्लास किणकिणणारी, तर मी आज कुठल्याही रीमास्टरवर पाणी सोडलं असतं.

आता तुमच्या हातातल्या यंत्राबद्दल. त्या विद्यार्थ्याच्या यंत्रापेक्षा ते शेकडो पटींनी समर्थ आहे, आणि त्यात काय साठतं? ड्रॉप पडतो तेवढा पंधरा सेकंदांचा तुकडा, त्यातही अर्धा वेळ स्वतःचा चेहरा, वर फिल्टर, वर दुसरंच गाणं. चोवीस तासांनी स्टोरी गायब. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात, पणजीत कॅफेच्या कोपऱ्यात आणि कॉलेजच्या फेस्टमध्ये आज पोरं स्वतःची मराठी गाणी वाजवतायत, ज्यांची नावं पोस्टरवर चुकीची छापली जातात. त्यांचा अल्बम अजून आलेला नाही, कदाचित येणारही नाही. त्यांना विचारा, 'रेकॉर्ड करू का?' बहुतेक जण आनंदानं हो म्हणतील. मग फोन टेबलावर पालथा ठेवा, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या टाळीपर्यंत चालू राहू द्या, आणि घरी जाऊन फाइलला नाव द्या: तारीख, गाव, जागा, बँड, कोण काय वाजवत होतं. एक प्रत त्यांना पाठवा. आवाज फाटेल. शेजारच्या टेबलावरचा कुणीतरी अख्ख्या गिटार सोलोभर मिसळपावची ऑर्डर देत राहील. राहू दे त्याला.